मोहाखालची चप्पल

आमच्या बनात चप्पल घालून कोणी जात नाही. देवाबिवाचं काही नाही त्यात. कपाशीच्या वावरातून आलेल्या चपलेला फवारणीचं औषध लागलेलं असतं, ते आत यायला नको. म्हणून कुंपणाच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे त्याखाली चपला काढायच्या, तिथं ठेवलेल्या मातीच्या नांदीतल्या पाण्यानं पाय धुवायचे अन् मग आत शिरायचं. हा नियम माझ्या मोठ्या जावेचा. नियम करायची तिला भारी हौस. सुरुवातीला मी लई चिडायची. पायात बाभळीचा काटा गेला की तिच्या नावानं बोटं मोडायची.

बाजारहत्नूरच्या अलीकडे आमचं गाव. चारी बाजूंनी कापूसच कापूस. पूर्वी त्यातच चार ओळी तुरीच्या, थोडी अंबाडी, चवळी असायची. मग तणनाशक आलं, अन् कापूस सोडून बाकी सगळं तणात जमा झालं. भाजी विकत यायला लागली. जाऊ म्हणायची, "चारी मेराले वावर, अन् चुलीवर बजारचा बटाटा. थू आपल्या जिनगानीवर."

तिनंच आम्हा बायांचा संघम उभा केला. सरपंचाचं डोकं खाऊन खाऊन गावचं पडीक बरड मागून घेतलं. आज तिथं वर आवळा अन् चारोळी, त्याखाली सीताफळ, शेवगा, पपई, सावलीत हळद, कुंपणावर वाल अन् मधल्या उघड्या पट्ट्यात तूर आहे. बन लागलं तेव्हापासून जावेच्या चुलीवर बटाटा चढला नाही. नातवानं मागितला तरी ती द्यायची नाही.

माझे भासरे, म्हणजे तिचे मालक, वारल्यावर जमिनीचा पट्टा तिच्या मुलाच्या नावावर झाला. मुलगा वाईट नाही, पण वावरात काय पेरायचं, बैल ठेवायचा की विकायचा, तिला कोणी विचारत नसे. घरात तिला चहा तेवढा विचारायचे. बनात मात्र तिला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. तिची म्हणावी अशी जागा तेवढीच उरली होती, अन् हे ती कधी बोलली नाही तरी मला ठाऊक होतं.

तिचा सगळ्यात कडक नियम औषधाचा. जिनं औषध आत आणलं, ती बनाबाहेर. गावच्या टोकाला राहणाऱ्या संघमातल्या एका बाईनं बनातल्या आपल्या आंब्याच्या रोपाला उदई, म्हणजे वाळवी, लागली म्हणून बुडाशी विकतची पावडर टाकली. जावेनं ते रोप मातीसकट उपटून नाल्यात फेकायला लावलं अन् बाईला बाहेर काढलं. ती रडत होती, "अक्का, येक डाव माफ कर." जाऊ नांदीत हात धूत राहिली. मला ते पटलं नाही. मी तसं म्हटलंही. "तू मधात पडू नको," एवढंच मला ऐकवलं.

मागच्या हिवाळ्यात तूर फुलावर आली अन् अळी पडली. दहा झाडांच्या पाल्याचा अर्क ड्रममध्ये तयार होता. पण संघमचा फवारणी पंप नेमका बिघडला. बाजारहत्नूरचा मिस्त्री म्हणाला, सामान आदिलाबादहून येईल, पुढच्या आठवड्यात या. अळी काय मिस्त्रीसाठी थांबते? जावेनं घरचा पंप काढला. त्याच पंपानं मुलानं ज्वारीवर तणनाशक मारलं होतं. तिनं तो बोअरिंगवर राखेनं, साबणानं घासघासून धुतला. मी पाणी भरत होते. नळी माझ्या नाकाशी धरून म्हणाली, "वास पाय बरं." मला नुसता राखेचा वास आला. मग तिनं स्वतःच पाठीवर पंप घेतला अन् सगळी तूर फवारली, वर शेवगा-पपईलाही दिलं.

आठवड्याच्या आत पपईचे शेंडे वाकले. तुरीची पानं आत वळली, शेवग्याचे कोवळे फाटे पिळवटले. कापूसवाल्यांना हे दुखणं नवं नाही. शेजारच्या ज्वारीत तणनाशक मारलं अन् वारा फिरला की कपाशी अशीच होते. त्यामुळे बायांनी लगेच शेजारच्या वावरवाल्याला धरलं. त्याची गाडीवाट बनाच्या कोपऱ्यातून जाते. ती काट्यानं बंद करायचं ठरलं. तो आला, कळवळून सांगू लागला की मी यंदा औषधच मारलं नाही, पोरीची आण घेतो. कोणी ऐकेना. बाया बाभळीच्या फांद्या ओढत आणत होत्या.

जाऊ ड्रमपाशी उभी होती, पंप धुतला होता तो हात पदराला पुशीत. तिच्याकडे पाहिलं अन् मला घरचा पंप आठवला. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "गप राह्य अक्का. चार दिवसात इसरतील सारे."

"काऊन गप राहू? तो पोरीची आण घेऊन राह्यला," ती म्हणाली. मग मोठ्यानं बोलली, "काटे ठेवा खाली. त्याचं काई नाई. म्या आणलं आत. घरच्या पंपात होतं."

फांद्या खाली पडल्या. मी पुढं होऊन म्हटलं, "तिनं का मुद्दाम केलं व?"

"मंग त्या आंबेवालीनं मुद्दाम केलतं का?" मागून एकजण बोलली.

मला असा राग आला की तिच्या झिंज्या उपटाव्या. जावेनं मोहाखाली जाऊन चप्पल घातली अन् ती घरी गेली.

तूर हातची गेली. शेवगा मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी खालून फुटला. बायांचाही राग तोवर उतरला होता. सगळ्या मिळून जावेला बोलवायला गेल्या. तिनं चहा केला, सगळ्यांची विचारपूस केली अन् म्हणाली, "पयले तिले आना. मंग मी येतो."

ती आंबेवाली आता भैंसा गावी कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कामाला होती. आम्ही दोघी-तिघी बसनं गेलो. तिच्या केसात कापसाचे पुंजके अडकले होते. चांगलं बोलली आमच्याशी. मग विचारलं, "माह्यं आंब्याचं झाड हाय का तिथं?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग कायले येऊ?" ती म्हणाली, अन् मिलमधली कामाची पाळी सुरू व्हायची होती म्हणून निघून गेली.

हे मी जावेला जसंच्या तसं सांगितलं. ती फक्त "बराबर हाय" म्हणाली. मला वाटलं, आता तरी रडेल. मीच घरी येऊन रडले.

अजूनही रोज सकाळी ती शेळी घेऊन मोहापर्यंत येते. सवयीनं चप्पल काढते. तिच्या चपलेच्या जागी आम्ही कोणी चप्पल ठेवत नाही. अनवाणी ती कुंपणाबाहेर उभी राहते अन् बाहेरूनच सांगते, त्या आवळ्याले आळं करा, वाल चढवा वर. आम्ही करतो.

परवा तिनं विचारलं, "शेवग्याले शेंगा धरल्या का?"

"धरल्या. हे घे," म्हणत मी जुडी कुंपणावरून पुढे केली. तिनं हात लावला, एक शेंग चिमटून पाहिली अन् जुडी परत माझ्या हातात दिली. "संघमच्या हायेत," म्हणाली.

"अन् घरी चुलीवर काय टाकलं आज?" मी विचारलं.

तिनं वाकून चप्पल घातली, शेळीची दोरी सोडली. "बटाटा," ती म्हणाली.