श्वास सोडायला सांगणारी बाई

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तीस वर्षं लाईनमन होतो, अमावास्येलाही खांबावर चढलोय. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय...

गेल्या वर्षीची गोष्ट. मी कराडजवळच्या गावात एकटाच राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला सासरी. एका सकाळी चहा पिताना उजवा हात अचानक लुळा पडला, कप सुटला. दहा मिनिटांत हात पुन्हा ठीक. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, मानेतली डावी रक्तवाहिनी अरुंद झालीय. मेंदूला रक्त कितपत पोचतंय ते एमआरआयवर बघू, मग ऑपरेशनचं ठरवू.

सांगलीतच विश्रामबागच्या एका सेंटरमध्ये दुपारी बाराचा नंबर होता.

"काका, सोबत कोण आलंय?" टेक्निशियन मॅडमनी विचारलं.

"कोणी नाही."

त्यांनी छातीला श्वास टिपणारा पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवला. "मी 'धरा' म्हटलं की श्वास धरायचा, 'सोडा' म्हटलं की सोडायचा. श्वास धरला की मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो. अरुंद रक्तवाहिनीच्या बाजूला किती वाढतो ते बघायचंय. डोकं हलवू नका."

मशीन सुरू झालं. नुसता ठकठकाट... आणि त्यात एका बाईचा आवाज, अगदी कानाशी — "धरा."

धरला. जीव कासावीस झाला, तेवढ्यात — "आवं, सोडा की आता. लय झालं."

मला वाटलं, मॅडम आमच्याच भागातल्या दिसतात. पाच-सहा वेळा तसंच झालं. मध्येच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. का, ते माहीत नाही. तर तोच आवाज म्हणाला, "हलू नगा. मी हाय न्हवं हितं."

संपल्यावर मॅडम आत आल्या, हेडफोन काढायला गेल्या आणि थबकल्या. ज्या रबरी नळीतून हेडफोनमध्ये आवाज येतो, ती मागे तशीच लोंबत होती.

"अरे देवा, ही जोडायचीच राहिली! काका, मग तुम्हाला माझं ऐकू कसं आलं? स्क्रीनवर तर श्वास बरोबर वेळेवर थांबत होता."

"तुम्ही 'आवं' म्हणालात ना मला?"

"नाही हो. मी फक्त धरा-सोडा म्हणत होते."

ती नळी मी स्वतः हातात घेऊन पाहिली. आवाज यायला वाटच नव्हती.

बायकोचा आवाज होता असं लिहिलं असतं, तर तुम्हालाही बरं वाटलं असतं, मलाही. पण बायकोचा आवाज घोगरा होता, हजारांत ओळखला असता. ही कुणीतरी दुसरीच होती. आयुष्यात कधी न ऐकलेली.

चित्रं स्वच्छ आली होती. डाव्या बाजूला रक्त कमी पडत होतं. ऑपरेशन झालं, मुलगी पंधरा दिवस राहून गेली. तीन महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. या वेळी मॅडमनी नळी दोनदा तपासून जोडली. मी शेवटपर्यंत कान देऊन पडलो होतो. धरा... सोडा... धरा... सोडा. बस, एवढंच.

"काका, रिपोर्ट चांगला येणार बघा. मग चेहरा का असा?" मॅडम म्हणाल्या.

कोण होती ती, मला का सांभाळून घेतलं तिनं... मला अजून काही कळलेलं नाही.