बिर्खेच्या आईचा चहा

आमच्या डोंगरातली पोरं परमुलखात गेली की आठ दिवसांत गावाच्या नावानं गळा काढतात. बिर्खे परियार तसला नव्हता. त्याला लहान गावच नको असायचं. मग ते आपलं असो की परक्याचं.

गाव नेपाळातल्या पाल्प्याच्या डोंगरातलं. बिर्खेचं घर खालच्या अंगाला, दमाई वस्तीत. गावाचे कपडे शिवायचे, लग्नात सनई फुंकायची आणि दुकानात चहा प्यायला तर पेला आपणच विसळून पालथा घालायचा, ही त्यांची वहिवाट. मी आडनावानं खडका, वरच्या जातीचा आणि वरच्या अंगाचा. दोघं एकाच वयाचे. पण तो मला 'तुम्ही' म्हणायचा आणि मी त्याला 'आरं'.

मलेशियात लाकडाच्या कारखान्यांचं एक चिमुकलं गाव आहे. मी तिथं पोचलो तेव्हा बिर्खे आधीच महिनाभर होता. खोलीवर अठरा जण, सगळे नेपाळी, आणि चुलीपाशी तोच. डाळीला हात असा की पोरं ताटं चाटायची. आडनाव कुणी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

त्याला पळीसकट बघून मला उमाळाच आला.

"आरं, ह्यो तर आमच्या गावचा दमाई! काय रं बिर्खे, सनई आणलीस का न्हाई?"

घास जिथल्या तिथं थांबले. त्या दिवशी डाळ मोरीत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट उंबऱ्याबाहेर. तिथं दुसरी खोली नव्हती की दुसरी खानावळ नव्हती. पंधरा दिवसांत बिर्खे निघून गेला.

दीड वर्षानं पासपोर्टाच्या कामाला क्वालालंपूरला गेलो, तेव्हा पत्ता काढत त्याच्याकडं गेलो. एका तमिळ बाईच्या शिवणाच्या दुकानात मशीनवर बसला होता. अंगानं भरला होता.

"बस," म्हणाला. "ह्यो शेजारचा बर्मी, त्यो बंगाली, पलीकडची म्हातारी चिनी. दुपारी समदे एकाच बाकावर जेवतो. जात विचारायला आधी एकमेकांची भाषा तर याय पायजे!"

मी हसलो. तो मला 'तू' म्हणत होता, हे मला मागनं उमगलं.

त्यानं चहा केला, मी प्यालो. पेला विसळायला उठलो तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हितं ज्याच्या हाताला लागंल त्यो धुतो."

"गावाकडं ये की. तुझी म्हातारी वाट बघती," मी म्हणालो.

त्यानं मशीनचं चाक थांबवलं. मग शिवलेली एक चोळी माझ्या हातात दिली.

"दसऱ्याला चाललायस न्हवं? ही तिला दे. आन् तिच्या अंगणात बसून, समद्यांच्या देखत, तिच्या हातचा चहा पी. तू प्यालास की मी आलोच म्हणून समज."

"येवढंच ना?" मी म्हणालो.

दसऱ्याला गेलो. म्हातारीनं लगबगीनं चहा केला आणि पेला माझ्यापासून हातभर लांब, जमिनीवर ठेवला. पेल्यातनं वाफ निघत होती. वर पाणवठ्यावर माझा बाप चौघांसंगं उभा होता.

"कुणाकडं बसलायस रं?" तो वरनं ओरडला.

मी उठलो. चोळी म्हातारीच्या ओंजळीत वरनंच टाकली.

"आत्ताच पिऊन आलोय, काकी."

तिनं पेला उचलून आत नेला. तिला नवल वाटलं नसावं.

तिसऱ्या दिवशी बिर्खेचा फोन आला.

"चोळी बसली का तिला?"

"बसली की."

"चहा प्यालास?"

"प्यालो."

"समद्यांच्या देखत?"

"व्हय रं. माझा बाप वरनं बघत हुता."

त्याचा श्वास ऐकू आला. मागं मशिनी चालू होत्या, कुणीतरी भलत्याच भाषेत हसत होतं.

"गोड झालता का?"

"चांगला गोड," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला.

म्हातारीनं उभ्या जन्मात चहात साखर घातली नव्हती. खालच्या वस्तीत चहात मीठ घालतात, हे मला मागनं कळलं. मी तिथं कधी प्यालो असतो तर मला आधीच ठाऊक असतं.

त्याला सहा वर्षं झाली. बिर्खे अजून त्या शहरातच आहे. म्हातारी गेली तेव्हाही आला नाही.