माझ्या नावावर पळालेले आठशे मीटर

मी आयुष्यभर शाळेत पोरांना पळायला शिकवलं आणि मला स्वतःला कधी धड पळता आलं नाही. हे मी विनयानं सांगत नाही. ज्यांनी मला पळताना पाहिलं त्यांना ते ठाऊक आहे. ज्यांनी नुसते माझे कागद पाहिले, त्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं.

पळायचा तो माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याचे वडील लवकर गेले, आणि नाना, म्हणजे माझे वडील, त्याला रावेरजवळच्या आमच्या गावी घेऊन आले. या हलवाहलवीत त्याची शाळेची दोन वर्षं बुडाली आणि तो माझ्याच वर्गात येऊन बसला. आमच्या घरात त्याला कुणी हात आखडून वाढलं नाही. मात्र पहाटे केळीला पाणी द्यायचं असलं की हाक त्यालाच जायची, आणि मी गोधडी डोक्यावर ओढून ती ऐकत पडायचो.

शाळेच्या स्पर्धांत तेव्हा एक रीत होती, तिला कुणी लबाडी म्हणत नसे. वयाची अट असायची. चांगला पळणारा पोरगा त्या अटीत बसला नाही, तर त्याला दुसऱ्या पोराच्या नावावर पळवायचं. प्रवेशिकेवर फोटो नसायचा. मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का एवढं पुरे. आमच्या ड्रिलच्या सरांनी भाऊसाठी माझं नाव निवडलं. आडनाव एक, घर एक, कुणी विचारलंच तर पोरगा गोंधळणार नाही. स्पर्धेच्या दिवशी मी शाळेत दिसता कामा नये, म्हणून मी केळीच्या बागेत जाऊन पडून राहायचो. कागदावर मी त्या वेळी तालुक्याला पळत असे, मग जळगावला, आणि दहावीच्या वर्षी धुळ्याला.

धुळ्याच्या विभागीय स्पर्धेत मी आठशे मीटरमध्ये पहिला आलो. संध्याकाळी भाऊनं प्रमाणपत्र आणून नानांच्या हातात दिलं. नानांनी माझं नाव मोठ्यानं वाचलं, मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला आणि भाऊला बैलांना चारा टाकायला सांगितलं. नानांना सगळं माहीत होतं. तरी त्यांना झालेला आनंद खरा होता, आणि मलाही झाला. याचीच मला आज जास्त लाज वाटते.

पुढे मी तालुक्याच्या कॉलेजात गेलो. भाऊ शेतात राबून बाहेरून परीक्षेला बसला. बाहेरून बसणाऱ्याला कॉलेजच्या संघात जागा नसते, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या नावावर पळायची पाळी कधी आलीच नाही. दोघं एकदमच बी.ए. झालो. शारीरिक शिक्षणाची पदवी केली की शाळेत नोकरी लागते, असं तेव्हा जो तो सांगायचा. मला ती करायची होती, कारण माझे टक्के दुसऱ्या कशालाच पुरत नव्हते. भाऊला ती करायची होती, कारण त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं. घड वाहून खांदा सोललेला असला तरी संध्याकाळी तो बागेच्या कडेच्या गाडीवाटेनं पळायला जायचाच. नानांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की दोघांचं झालं तर दोघं जा, एकाचंच झालं तर दुसऱ्यानं शेती पाहायची. पुन्हा अर्ज-बिर्ज काही नाही.

भाऊचं अक्षर वळणदार, म्हणून माझाही अर्ज त्यानंच भरला. ‘क्रीडा प्रावीण्य’ या रकान्यात त्यानं माझ्या नावावरच्या तीन स्पर्धा ओळीनं लिहिल्या. वर्ष विचारायचीही त्याला गरज पडली नाही. मग स्वतःचा अर्ज पुढे ओढला आणि त्याच रकान्यात ‘निरंक’ लिहिलं. नकला साक्षांकित करायला आम्ही रावेरला गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर एक म्हैस बांधलेली होती, तिचं होईपर्यंत थांबलो. डॉक्टरांनी हात धुऊन माझ्या नकलांवर ‘सत्यप्रत’चे शिक्के भराभर मारले आणि भाऊकडे बघून म्हणाले, तुझे एवढेच कागद? भाऊ हो म्हणाला.

चाचणी धुळ्याला होती, दोन दिवस. पदवीचे गुण, प्रमाणपत्रांचे गुण आणि मैदानावरचे गुण अशी बेरीज व्हायची. पहिल्या दिवशी कागद तपासायला एक वयस्क प्राध्यापक बसले होते, गळ्यात शिट्टी. विभागीय स्पर्धेचं प्रमाणपत्र पाहून ते थबकले. त्या दिवशी ते स्वतः शेवटच्या रेषेवर उभे होते म्हणे. चेहरा आता आठवत नाही, पण शेवटच्या वळणावरून तो पोरगा ज्या सहजतेनं पुढे निघाला ते विसरलो नाही, असं ते म्हणाले. मग माझ्या पोटऱ्यांकडे पाहून हसले. उद्या पुन्हा पाहू, म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले.

संध्याकाळी स्टँडजवळच्या खाणावळीत जेवायला बसलो तेव्हा मी भाऊकडे विषय काढला. सरळ मागितलं असतं तर निदान मागितलं असं म्हणता आलं असतं. मी आडून मागितलं. उद्या आपण एकाच गटात पळणार. तू लांब पुढे गेलास आणि मी मागे धापा टाकत राहिलो, तर सरांना शंका येईल. शंका आली तर चौकशी होईल. चौकशी झाली तर आपल्या ड्रिलच्या सरांची नोकरी जाईल, नानांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी एकेक वाढवत गेलो. फक्त एक गोष्ट मी बोललो नाही, की तू माझ्यासोबत हळू पळालास तर तुझे गुण जातील. ती न बोलण्याइतकी अक्कल मला होती.

भाऊनं भाकरी मोडून वरणात कालवली. मग विचारलं, “तुले किती मिन्टं लागता?”

मी सांगितलं. तो जेवत राहिला.

सकाळी फक्की मारलेल्या पट्ट्यांवर आम्ही छातीला नंबर लावून उभे राहिलो. गटात आम्ही चौघं. शिट्टी झाली आणि भाऊ माझ्या उजव्या अंगाला आला, बाहेरच्या बाजूनं, आणि तिथेच राहिला. पहिला फेरा मी कसाबसा काढला. दुसऱ्यात छाती फुटायची वेळ आली. माझा श्वास मला ढोलासारखा ऐकू येत होता आणि शेजारी भाऊचा श्वास ऐकूच येत नव्हता. दुसरे दोघं मागे पडले होते. शेवटच्या वळणावर मी थांबणारच होतो.

“मान खाले नको टाकू,” तो हळूच म्हणाला. “हात हालव. आलंच.”

रेषा जवळ आली तसा तो एक पाऊल मागे सरला. मी पुढे गेलो. प्राध्यापकांनी घड्याळ दाबलं, वेळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं. सवय मोडली वाटतं, म्हणाले, आणि लिहून घेतलं. गटात पहिला आलेल्याला आणखी काय विचारणार? भाऊकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. भाऊ वाकून बुटाची नाडी सोडत होता. त्याला घामसुद्धा आला नव्हता.

यादी बघायला आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. माझं नाव खालून तिसरं. भाऊचं प्रतीक्षायादीत पहिलं. मधलं अंतर दोन गुणांचं. तो मन लावून पळाला असता तर किती गुण मिळाले असते हे मी तिथल्या तिथे मोजलं. त्यानंही मोजलं असणार. प्रतीक्षायादी त्या वर्षी हलली नाही. परतीच्या वाटेवर पारोळ्याला गाडी थांबली, तेव्हा तो उतरून दोन चहा घेऊन आला आणि खिडकीतून एक माझ्या हातात दिला. त्यानं तिथेच मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी त्याचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. चहा गोड होता आणि मी तो प्यालो.

घरी आल्यावर त्यानंच नानांना सांगितलं, याचं झालं म्हणून. मग कपडे बदलून विहिरीवरची मोटार चालू करायला शेतात गेला. त्या दिवसानंतर मी त्याला पळताना पाहिलं नाही.

मला आमच्याच तालुक्यात नोकरी लागली. मी चांगला शिक्षक झालो असं लोक म्हणतात. ढालींनी मुख्याध्यापकांचं कपाट भरलं. त्या ढाली कशा आल्या हे कपाटाला विचारायचं नसतं. वयात न बसणारी पोरं मीही दुसऱ्यांच्या नावावर पळवली. माझे सर जे करायचे तेच मी केलं.

मग भाऊची मुलगी माझ्या शाळेत आली. ते शेतातल्या घरात राहायचे, शाळा लांब, म्हणून तिला पहिलीतच उशिरा घातलेली. तिला पळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो. शेवटच्या वळणावरून ती तशीच निघायची. सतरा वर्षांखालच्या अटीत ती थोडक्यात बसत नव्हती. मी दुसरा विचारसुद्धा केला नाही. मुलींच्या संघाच्या प्रवेशिकेत तिच्या जागी आठवीतल्या एका मुलीचं नाव भरलं आणि वर खूशही झालो, की भाऊच्या घराचं काहीतरी माझ्या हातून होतंय.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी भाऊ शाळेत आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. शेतातून तसाच आला होता, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. बस म्हटलं तर बसला नाही. प्रवेशिका दाखव म्हणाला. मी ती टेबलावर ठेवली. त्यानं उभ्यानंच पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली.

“तिचं नाव काढ याच्यातून,” तो म्हणाला.

मी समजावायला लागलो. नुसता वयाचा प्रश्न आहे, सगळेच करतात, पोरगी जिल्ह्यात पहिली येईल, तिचे पाय वाया घालवू नको. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाणावळीत ऐकलं होतं तसंच.

“नाव काढ,” तो म्हणाला, “मंग मी जातो.”

मी पेनचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला. बोट ठेवून एकेक नाव वाचत वरून खाली आलो, मग पुन्हा वर गेलो. भाऊ समोर उभाच होता. तिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.