पुढं शून्य चालत नाही

आज वर्गात डस्टर झटकताना खडूची पूड नाकात गेली आणि नळदुर्गची शाळा आठवली. गणित स्पर्धेचा सराव होता. एकही अंक पुन्हा न वापरता तीन अंकी सम संख्या किती? सरांनी ऐटीत ३६० लिहिलं.

"सर, पहिला अंक शून्य कसा चालंल?" म्हणत मी फळ्यावर दोन प्रकार मांडले. शेवटी शून्य असलेल्या ७२, बाकीच्या २५६. एकूण ३२८.

सर बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले. मग सगळं पुसून म्हणाले, "लई शहाणी झालीस! स्पर्धेला तू न्हाय जायचं."

तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना कळलं नाही. आता मीही शिकवते. गणित न कळलेला माणूस इतका वेळ बघत नाही. त्यांना कळलं होतं, म्हणूनच पुसलं. असल्या माणसाला मी वर्षभर वाकून नमस्कार केला.