गाड्यात खेळणारा कोण?

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टायपिंग शिकवायचे. उन्हाळा लागला आणि क्लासच्या सरांनी मला न विचारता दारावर बोर्ड लावला : ‘सुट्टीत मुलांना गेम बनवायला शिकवू.’

"शिकवणार कोण?" मी विचारलं.

"तुम्ही."

"आणि मला कोण शिकवणार?"

त्यांनी कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी माझ्या हातात ठेवली. रविवारी पालकांना बोलवायचं, तयार गेम दाखवायचा. मुलं आली तर मी क्लासवर कायम, नाहीतर माझं काम बंद. मामानं कुरकुंभला एका कंपनीत पॅकिंगला माझ्यासाठी बोलूनच ठेवलं होतं. राहायला दौंडची मावशी होती. आई म्हणायची, "शिफ्टची नोकरी हाय, बस यायला-न्यायला हाय. त्यो डबा बडवून काय मिळतंय तुला?" काय मिळतंय ते मलाही सांगता यायचं नाही. पण मला कुरकुंभला जायचं नव्हतं, मला तो डबाच बडवायचा होता.

सीडीतल्या नमुन्यात अंतराळयानं होती. ती मी कधी पाहिली नव्हती, म्हणून बैलगाडा घ्यायचं ठरवलं. आमच्याकडच्या जत्रेत तीच एक शर्यत. माऊसनं बैल काढला. तो डुकरासारखा दिसत होता, पण शिंगं होती. गेम चालू केला तर स्क्रीन काळी. इंग्रजी हेल्प डिक्शनरी घेऊन वाचली, तेव्हा कळलं की मी काढलं ते नुसतं चित्र, त्याला स्प्राइट म्हणतात. त्या चित्राचा ऑब्जेक्ट करायचा आणि ऑब्जेक्ट नेऊन रूममध्ये ठेवायचा, मग तो दिसतो. म्हणजे बैल काढला तरी बैल नाहीच. आणि बैल कधी कुणी खोलीत बांधतं का? पण बांधला, आणि दिसला एकदाचा.

त्याच्या जोडीला दुसरा काढून मागं गाडा जोडला. आता ते पळवायचे. आमच्याकडं शर्यतीचा रस्ता चढाचा, त्याला घाट म्हणतात; गाडा तो घाट चढतो, म्हणजे वर जायला पाहिजे. वर जायचं म्हणून मी आकड्यात अधिक केलं, तर बैल खाली सुटले आणि स्क्रीनच्या बाहेर गेले. तीनतीनदा केलं, तेच. वर न्यायचं तर वजा करायचं असतं म्हणे. का, ते हेल्पमध्ये नव्हतं. शाळेत फळ्यावर आलेख काढून आमची हयात गेली, त्यात वर म्हणजे अधिक. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चिडून वजा केलं आणि बैल घाट चढले.

खरी पंचाईत पुढंच होती. हेल्पमध्ये पानोपानी लिहिलेलं, आधी प्लेअर ठरवा. खेळणारा कोण? आता आमच्या गाड्यावर कुणी बसत नाही. बैल सोडले की रिकामा गाडा घेऊन ते घाट चढतात, पुढं एक जण घोडी पळवतो, आणि बारी, म्हणजे ती एक दौड, किती सेकंदात झाली ते घड्याळावर बघतात. ज्याचा गाडा, तो मालक गर्दीत टोपी उडवत असतो. मग खेळतो कोण?

रात्री जेवताना आप्पांना विचारलं. माझे वडील साऱ्या घाटांवर हिंडलेले. ते म्हणाले, "खेळायचं कशाला? बैल पळत्यात. आपुन बघायचं."

सकाळी सर म्हणाले, "सोपंय. गाड्यावर माणूस बसवा, हातात चाबूक द्या. बटण दाबलं की मारायचं." सर पुण्यातले, हडपसरचे.

"सर, गाड्यावर कुणी बसत नाही."

"मग त्याला गाडा कशाला म्हणता?"

मी परत जागेवर जाऊन बसले. डोक्याचा पार भुगा झाला होता. त्यात दुपारी लाइट गेली आणि सेव्ह न केलेलं सगळं उडालं. मी कीबोर्डवर डोकं टेकून बसले. रडायचंही सुचेना.

सगळं परत करताना घोडी काढत होते, तेव्हा वाटलं, हिच्यावर बसलेला तर एक माणूस आहे की. मग खेळणारा तोच. बाण दाबला की घोडी पळेल, बैल तिच्या मागं येतील. घोडी लांब गेली तर बैल थांबतील, बैल अंगावर आले तर बारी संपली. मी एकटीच हसले. पण करायला गेले आणि नवीनच तमाशा. बाण दाबला की घोडी जागेवर आणि एक नवा बैल जन्माला यायचा. दाबत राहिलं की घाटभर बैल, घोडी कुठं दिसेना. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी हे खोड, ते जोड, असं काय काय केलं देव जाणे, आणि अचानक सगळं नीट चाललं. कशानं चाललं ते मला आजही माहीत नाही. घाबरून मी पुन्हा कशालाच हात लावला नाही.

रविवारी खोली भरली. पहिल्यांदा सर बसले. त्यांनी बाण दाबूनच धरला. घोडी निघून गेली, बैल घाटात उभे.

"सर, घोडी आवरा जरा," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग मुलं बसली, आणि मागं उभे राहून बापच त्यांना शिकवायला लागले. एकानं तर घाटावर ओरडतात तसं ‘भिर्रर्र’ केलं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मार्केट यार्डातले एक अडतवाले म्हणाले, "पर मॅडम, तुम्हाला ह्ये येतंय का? मी समोर चहाला येतो रोज. जवा बघावं तवा तुम्ही कपाळाला हात लावून बसलेल्या."

"येतं की! एक्स्पर्ट आहेत त्या," सर घाईनं म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं, की कुरकुंभ टळत होतं. पण बैल घोडीमागं कसे येतात, असं कुणी विचारलं असतं तर? आणि ते ‘एक्स्पर्ट’ ऐकून मला सरांचाच राग आला होता.

"नाही," मी म्हणाले. "निम्मं येतं. निम्मं मलाच कळत नाही, कसं चाललंय ते."

सरांनी मान खाली घातली. मी मनात पिशवी भरायला घेतली. पॅकिंगचा युनिफॉर्म मावशीकडं शिवायचा का तिथं मिळतो, इथपर्यंत पोचले.

मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. त्यांनी आपल्या मुलीला खांद्याला धरून पुढं आणलं.

"हिला तुमच्याशेजारी बसवा," त्या म्हणाल्या. "हिलाबी काय येत न्हाई. दोघी मिळून घोळ घाला."

अडतवाल्यांनीही आपल्या मुलाला पुढं ढकललं, मग आणखी कुणी. मला भरून आलं, म्हणून मी खुर्ची सरकवायच्या निमित्तानं खाली वाकले. मुलगी बसली. बसल्या बसल्या तिनं मला पहिला प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं.