सडक्या लाकडाचा उजेड

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. राखीसाठी मला माहेरी न्यायला भाऊ दुसऱ्या दिवशी बैलबंडी घेऊन येणार होता. दिवेलागणीला सासू चुलीमागच्या खोलीत सरपण काढायला गेली आणि तिथूनच म्हणाली, "सरपणात आग हाय."

ढिगात एक ओंडका हिरवट उजळत होता. आमचं छप्पर गवताचं. सासूने घागरभर पाणी ओतलं, मग दुसरी घागर. ओंडका धुऊन निघाला आणि जास्तच छान दिसू लागला.

"जळतं लाकूड तूनंच खुपसलं. घर जाळाले निघाली न् माहेरी जाते म्हने. कुठी जाऊ नको."

"मी नाई खुपसलं, आत्याबाई."

"मंग आपूनच पेटलं काय?"

सासऱ्यांना भांडणात रस नव्हता. त्यांनी विडी तोंडात धरली, टोक ओंडक्याला टेकवलं आणि ओढू लागले. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. मग विडी उलटून पाहिली.

"विडी ओली दिसते," ते म्हणाले.

"आगच ओली हाय, मामाजी." मी ओंडक्यावर हात ठेवला. बेडकासारखा गार. एक तुकडा मोडून सासूसमोर धरला. "पाहा, भाजते का."

शिकलेले लोक आता सांगतात की सडक्या लाकडातली बुरशी असा थंड उजेड देते. तेव्हा मला फक्त माहेर दिसत होतं.

सासूने तुकडा अंगठ्याने दाबला. त्याचा भुगा झाला.

"आग नाई. पन हे तं सडलं हाय. कोनं आनलं?"

मीच आणलं होतं. चांगलं लाकूड जड, सडकं हलकं, आणि कोसभर डोक्यावर वाहायचं मला. वर चार बरी लाकडं रचली की कोणाला कळत नसे. सासूने ती चार बाजूला केली. खाली सगळा ढीग उजळत होता. माझी चोरी शोधायला दिवासुद्धा लागला नाही.

"ध्यान नाई म्हनून आग लागली असती तं समजून घेतलं असतं," सासू म्हणाली. "हा आळस हाय."

"जाऊ दे वं तिले," सासरे म्हणाले. "इथी राह्यली तं आनखी आनंल."

सासूने जाऊ दिलं, पण आधी बंडीभर वाळलं सरपण घरात पाहिजे म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाऊ आला तो थेट कुऱ्हाड घेऊन जंगलात गेला. दिवसभर लाकडं तोडताना त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

माहेरी राखी बांधायला बसले तेव्हा त्याने हात पुढे केला.

"ढिली बांध," तो म्हणाला. "फोडं आले हाताले."