झडतीच्या खोलीत काकू

मी रायपूरच्या महिला जेलात प्रहरी आहे. आत येणाऱ्या प्रत्येक बाईची झडती घ्यायची, हे माझं मुख्य काम. केस सोडायला लावायचे, तोंड उघडायला लावायचं, साडीच्या निऱ्या आणि परकराचा नेफा चाचपायचा. सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली. आईला मी हे कधी नीट सांगितलं नाही. ती आमच्या तात्यापाऱ्यात, या जुन्या मराठी वस्तीत, सगळ्यांना एवढंच सांगते, की पोरगी सरकारी नोकरीत आहे.

काकू आमच्या नात्यातली नव्हती. चार घरं सोडून राहायची. आई ऑफिसातून यायला उशीर करायची, म्हणून शाळा सुटली की मी काकूकडे जेवायची. माझ्या वेण्या तीच घालायची. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि एकुलता एक मुलगा नवा रायपूरला कुठल्याशा ऑफिसात कामाला. त्याचं लग्न झालं तेव्हा मी वरातीत नाचले होते.

त्याच्या बायकोनं विष घेतलं आणि दवाखान्यातच ती गेली. तिच्या माहेरच्यांनी छळाची तक्रार केली. पोलीस काकूला आणि मुलाला घेऊन गेले, कोर्टानं दोघांना जेलात पाठवलं. मुलगा पुरुषांच्या जेलात, काकू आमच्याकडे.

काकूनं सुनेला छळलं की नाही, मला माहीत नाही. भांडणं ऐकू यायची. आम्ही सगळे ऐकायचो आणि आपापल्या दाराला कडी लावायचो. त्या पोरीची आई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून काकू निर्दोष आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि ती दोषी आहे, असंही माझ्या तोंडून निघत नाही.

संध्याकाळी कैद्यांची गिनती व्हायच्या जरा आधी तिला आणलं. झडतीच्या खोलीत मी होते आणि आमच्या मोठ्या मॅडम होत्या. काकूनं मान वर केली, मला पाहिलं आणि तिचा सगळा चेहराच सैल पडला.

"अवं माय, तू आहेस काय! मले किती भेव लागून राहिलं होतं. आता बरं झालं."

मोठ्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाम बताइए."

काकूला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती जवळ सरकली. "अवं, मी..."

"पति का नाम?"

मग तिला समजलं. तिनं नाव सांगितलं, काकांचंही सांगितलं, हिंदीत. मी केस सोडायला सांगितले, तिनं सोडले. हात वर करायला सांगितले, तिनं केले. कमरेपाशी माझ्या बोटांना एक छोटी डबी लागली. ती कशाची आहे हे मला न बघताच कळलं. गुडाखू. तंबाखूचा काळा लगदा, इकडच्या पुष्कळ बाया दातांना घासतात. काकूला त्याची जुनी सवय होती. जेलात तंबाखू चालत नाही.

तिनं माझा हात तिथल्या तिथे दाबून धरला. अगदी हळू म्हणाली, "राहू दे वं पोट्टे. डोकं फुटते माझं याच्याबिगर."

मी हात सोडवून घेतला आणि डबी काढून टेबलावर ठेवली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "ठीक किया." नियमानं मी बरोबरच केलं होतं. डबी आत जाऊ दिली असती तर माझी नोकरी गेली असती. पण बरोबर करताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, ते कुठल्या नियमात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकांना सांगितलं, की ही कैदी माझ्या ओळखीची आहे. सांगावंच लागतं. त्यांनी मला आतून काढून फाटकावर, मुलाकातीला, म्हणजे कैद्यांना भेटायला, येणाऱ्यांचं सामान तपासायला लावलं. प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी दिली. मी सलाम करून बाहेर आले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर मला तिच्यासमोर पुन्हा उभं राहायचं नव्हतं.

आतल्या बातम्या येतच राहायच्या. माझ्या जागी गेलेली प्रहरी एकदा म्हणाली, "वो आंटी दिन भर सिर बाँध के पड़ी रहती है. पूछती है, मराठी वाली दीदी कब आएगी?"

"क्या बोली तुम?"

"बोल दी, छुट्टी पे है."

खरं सांग, असं मी तिला म्हटलं नाही.

काका मुलाकातीला यायचे. गुडघे दुखायचे म्हणून ऑटोतून उतरायलाच त्यांना वेळ लागायचा. पिशवीत धुतलेलं लुगडं, तेलाची बाटली, औषधं. पहिल्याच वेळी पिशवी माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "तू आत तिच्याजवळच राहतेस नं वं?"

मागे रांग होती. मी लुगड्याची घडी उलगडून बघत होते. म्हणाले, "हो काका."

"मंग मले चिंता नाही. पाऱ्यात सगळ्याइले सांगतो मी, आपली पोरगी आहे तिथं."

पुढच्या वेळी खरं सांगू, असं मी ठरवलं. पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी बोरं आणली होती. घेता येत नाही म्हणून मी ती परत केली, खरं मात्र तेव्हाही सांगितलं नाही. नंतर ते दर मुलाकातीला विचारायचे, "जेवते नं ती?" आणि मी म्हणायचे, "जेवते." ती जेवते की नाही, मला कुठे ठाऊक होतं?

मग काकूला जमानत मिळाली. मुलाला मिळाली नाही. तिला घरी आणलं त्यानंतरच्या रविवारी आई मला ओढतच त्यांच्याकडे घेऊन गेली. काकू वाळली होती. केस विरळ झाले होते. काका खुर्चीतून उठायला बघत म्हणाले, "ये बाई. तूच सांभाळलं हिले. नाहीतर काय झालं असतं?"

मी काकूकडे पाहिलं. आता ती सांगेल, असं वाटलं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

काकू म्हणाली, "होती नं. रोज यायची."

ती चहा ठेवायला आत गेली. मी मागोमाग गेले. ओट्यापाशी उभी राहून म्हणाले, "काकू, मी तिथं..."

"काहून काढतेस आता ते?" ती साखर टाकत होती. माझ्याकडे वळली नाही. "त्याइले काही सांगू नको. तू आहेस म्हणून ते दोन घास खाऊन राहिले होते. मी तुयासाठी नाही बोलली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पायाशी बसून रडले असते. चहा उतू जात होता, तिनं गॅस बारीक केला आणि कप माझ्या हातात दिले. मी ते बाहेर नेले. काकांनी पहिला कप आईला द्यायला लावला आणि माझ्या नोकरीचं कौतुक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी ते शेवटपर्यंत बसून ऐकलं.